उसवलं तर आणा, फाटलं तर आणू नका

राजगडावरून गुंजवण्याच्या बाजूला उतरताना, चोरदिंडीच्या खालच्या घसाऱ्यावर, माझ्या डाव्या बुटाचा तळ मला सोडून गेला. मी पाऊल पुढे टाकलं आणि तळ मागच्याच दगडावर राहिला. मागून येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाने तो उचलला, "काका, तुमचं काहीतरी पडलंय," म्हणाला आणि पडलेला मोबाइल द्यावा तितक्या अदबीने माझ्या हातात ठेवला.

तिथेच एका दगडावर बसून मी पाहणी केली. तळाची नक्षी कोरी करकरीत होती. वरचं चामडंही ठणठणीत होतं, नाड्यांची टोकंसुद्धा शाबूत होती. मेला होता तो या दोघांच्या मधला फोमचा थर. चिमटीत धरला तर तूप कमी पडलेल्या बेसनाच्या लाडवासारखा भुरभुरत होता. दहा मिनिटांनी उजव्या बुटानेही तेच केलं. सात वर्षं एका खोक्यात काढल्यावर त्याला एकट्याने मागे राहवलं नसावं. कोणीतरी तंबूची सुतळी दिली, ती मी पार्सल बांधतात तशी दोन्ही बुटांवरून गुंडाळली आणि बसत, घसरत खाली आलो. वाटेत ताकाची कॅन घेऊन वर निघालेले एक मामा भेटले. ताक विकून रिकामी कॅन हलवत ते परत उतरतानाही भेटले. त्यांच्या पायात रबरी चप्पल होती आणि तिच्या अंगठ्याला सेफ्टी पिन.

हे बूट मी २०१८ साली ८,४९९ रुपयांना घेतले होते. हिमालयासाठी. त्यानंतर एकदा रजा मिळाली नाही, एकदा कोविड आला आणि एकदा गुडघा आला. बूट मात्र तयारीत होते. आत कागदाचे बोळे, वर मूळ खोकं, त्याच्यावर जुनी चादर, असे ते कपाटाच्या खालच्या कप्प्यात विराजमान होते. एकूण घातले चार वेळा: एकदा दुकानात, एकदा घरी सगळ्यांना दाखवायला, एकदा पर्वतीवर आणि शेवटी राजगडावर. "अहो, घाला की ते बूट कधीतरी," असं बायको दर पावसाळ्याच्या आधी म्हणायची. "चांगले आहेत," मी सांगायचो.

आमच्या घरात 'चांगलं' या शब्दाचा अर्थ 'वापरायचं नाही' असा होतो. चांगल्या कपबश्या, चांगली चादर, चांगला टॉवेल. हे सगळं पाहुण्यांसाठी असतं आणि ज्याच्यासाठी ते बाहेर काढावं एवढ्या योग्यतेचा पाहुणा अजून आमच्या जिन्यावर चढलेला नाही. हा वारसा वडिलांकडून आला. त्यांची कापशी चप्पल होती, कोल्हापुरातल्या कारागिराने बांधलेली. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीने शिवलेले थर, एक खिळा नाही. (२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांत मिळून. त्यामुळे 'कोल्हापुरी' दाखवीन, ही धमकीही आता दोन राज्यांतून अधिकृतपणे देता येते.) वडील तिला तेल चोळत. मृग लागला की वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकत आणि दसऱ्याला उतरवत. लग्नाकार्याशिवाय घालत नसत. अठरा वर्षं चालली. 'ठेवलेली वस्तू टिकते' हा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो पितळेला, सागवानाला, पैठणीला, कातड्याला लागू पडत आला होता. मी तो जसाच्या तसा पॉलियुरेथेनला लावला.

ज्या दुकानातून बूट घेतले त्याचं नाव सांगत नाही. मोठं दुकान आहे, आत शिरलं की थंडी वाजते, म्हणजे तिथलं जॅकेट घ्यावंसं वाटतं. मी बूट घेऊन गेलो आणि सोबत वर्षभरापूर्वी तिथेच घेतलेली सॅकही नेली, कारण तिचा पट्टा सुटला होता. काउंटरवरचा मुलगा अतिशय विनयशील होता. अशा मुलांवर चिडता येत नाही, हीच त्यांची नेमणूक असते.

"सर, सॅकला दोन वर्षांची वॉरंटी आहे. पण हे वेअर अँड टिअर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे वापरून झालंय."

"सॅक मी वापरायलाच घेतली होती."

"बरोबर आहे सर. पण वॉरंटी मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टला असते."

"मग हे बूट घ्या. हे वापरलेलेच नाहीत."

त्याने बूट उचलला. टेबलावर थोडा भुगा सांडला, तो त्याने तळहाताने हळूच एका बाजूला केला. "सर, हे सात वर्षांचे आहेत. वॉरंटी कधीच संपली."

"म्हणजे वापरलं तर वापरलं म्हणून नाही, आणि नाही वापरलं तर जुनं झालं म्हणून नाही. मग वॉरंटी मिळायला मी नेमकं काय करायचं?"

मुलाने प्रामाणिकपणे विचार केला. "बिल जपून ठेवायचं, सर."

बिल मी जपलेलं होतं. सॅकचं आणि बुटांचंही. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून दोन्ही काढून मी दिमाखात टेबलावर ठेवली. दोन्ही कोरी होती. आम्ही ती दिव्याकडे धरून पाहिली, तिरकी करून पाहिली. एकावर खाली फक्त 'थँक यू' एवढं उरलं होतं. त्या कागदावर शाई नसतेच म्हणे. त्याच्यावर एक रसायन असतं, छापायच्या यंत्राची उष्णता लागली की ते काळं होतं आणि ऊन, उष्णता लागत गेली की पुन्हा उडतं. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं तर प्लॅस्टिकमधल्या काही द्रव्यांमुळे आणखी लवकर उडतं. म्हणजे इथेही मी जपलं, म्हणून गेलं. दोन वर्षांच्या वॉरंटीचा पुरावा एका वर्षात नाहीसा होईल अशा कागदावर द्यायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याचा कोणीतरी जाहीर सत्कार करायला हवा. मानपत्र त्याच कागदावर द्यावं.

मला आमच्या लहानपणचे शिंपी आठवले. शाळेच्या चड्ड्या ते शिवायचे, वाढत्या अंगाच्या, म्हणजे पहिलं वर्षभर आम्ही चड्डीत राहत असू आणि चड्डी आमच्यात राहत नसे. कपडे देताना ते आईला एकच वाक्य सांगत: "उसवलं तर आणा, फाटलं तर आणू नका." बिल नाही, कार्ड नाही. पण आता वाटतं, त्या कंपनीच्या वकिलांनी बारीक टायपात चार पानं भरून जे लिहिलंय, ते सगळं या वाक्यात आलं होतं. उसवणं म्हणजे शिवण सुटणं, तो शिंप्याचा दोष. फाटणं म्हणजे कुंपण, खिळा, मारामारी, तो आमचा दोष. आणि शिंप्याच्या मते 'विरणं' हा कोणाचाच दोष नव्हे. चड्डीची बैठक विरून तिच्यातून वर्तमानपत्र वाचता येऊ लागलं की आई पाठीमागून ठिगळ लावायची आणि त्याला वय झालं म्हणायची.

कपडा कसा गेला, हे सांगायला आपल्याकडे केवढे शब्द आहेत! रंग विटतो, कापड विरतं, बाही उसवते, खिसा फाटतो, सदरा आटतो, बनियन ढगळतं, लोकरीला कसर लागते, काठांच्या दशा निघतात. प्रत्येक मरणाला वेगळा दाखला. दुकानातल्या मुलाकडे मात्र एकच शिक्का होता, 'वेअर अँड टिअर'. सॅकचा पट्टा उसवला होता हो! फाटलेला नव्हता, विरलेला नव्हता, शुद्ध उसवलेला होता. पण 'उसवलं' याला त्याच्या कॉम्प्युटरच्या यादीत खानाच नव्हता.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. त्यांना हे सांगितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर तारुण्य आलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ त्यांनी मला जिन्यातच समजावला. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा आयोगात तक्रारीला फी लागत नाही. म्हणजे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीला तशी किंमत नाही. "फक्त बिल आणा," ते म्हणाले. मी त्यांना 'थँक यू' दाखवलं.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर, मला मनापासून आवडलेली पाटी लक्ष्मी रोडच्या आतल्या बोळातल्या एका कपड्यांच्या दुकानात होती: 'फॅशन के दौर में गारंटी की इच्छा ना करें'. यात एक अध्यात्म आहे. माल टिकणार नाही असं ती म्हणत नाही. इच्छा करू नका, एवढंच म्हणते.

इच्छा केलेल्या लोकांचं पुढे काय झालं, याचा दाखला अमेरिकेत सापडतो. मेन राज्यातले एल. एल. बीन हे गृहस्थ शिकारीला जात आणि पाय ओले करून घरी येत. त्यांनी खाली रबर आणि वर चामडं असा बूट काढला आणि १९१२ साली पहिले शंभर जोड टपालाने विकले. त्यातले नव्वद परत आले, कारण रबरापासून चामडं सुटलं. म्हणजे माझ्या राजगडाच्या शंभर वर्षं आधी हा माणूस त्याच घसाऱ्यावर होता. त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले, बूट सुधारला, आणि कंपनी नावारूपाला आली ती याच विश्वासावर: माल आवडला नाही तर कधीही परत करा. कधीही म्हणजे खरोखर कधीही. लोकांनी वीस वर्षं वापरलेले बूट परत केले. भंगारच्या बाजारातून जुने कोट उचलून तेही परत केले. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने हात टेकले आणि मुदत एक वर्ष केली, तीही खरेदीचा पुरावा दाखवून. मला आश्चर्य वाटलं ते शंभरेक वर्षं टिकले याचं. सदाशिव पेठेत शाखा काढली असती तर १९१२ च्या दिवाळीपर्यंत आजोबांचा कोट, आजोबांच्या वडिलांचा कोट आणि 'मापाला जरा घट्ट होता' अशी चिठ्ठी, असं सगळं काउंटरवर पोचलं असतं.

व्हरमाँटमध्ये एक कंपनी अजूनही मोज्यांना आजन्म, विनाअट हमी देते. भोक पडलं की पाठवा, नवे घ्या. मोज्यांना! आमच्याकडे मोज्याला भोक पडलं की तो मंदिरात जाताना घालायचा नाही, एवढाच निर्णय होतो. पण बाकी बहुतेक ठिकाणी 'लाइफटाइम वॉरंटी' वाचताना माणसाला वाटतं की आपल्या आयुष्याबद्दल चाललंय. बारीक अक्षरात बघावं. लाइफ वस्तूचं असतं. म्हणजे वस्तू जिवंत असेपर्यंत वस्तू जिवंत राहील, याची कंपनी हमी देते. सत्यनारायणाच्या कथेतला साधुवाणीसुद्धा याहून कठीण अटींवर बोलणी करीत असे.

मग बुटाचा मृत्यू नेमका कशाने झाला? हे मी शोधून काढलं, कारण सुतक धरायचं तर कारण माहीत हवं. मधला फोम पॉलियुरेथेनचा असतो. हलका, मऊ, टाचेला सुखाचा. पण त्यातल्या अनेक प्रकारांच्या रेणूंमधले जोड हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातात. बूट घाला किंवा ठेवा, पाच-दहा वर्षांत त्याचं भरतंच. आणि बंद खोक्यात, उकाड्यात, दमट हवेत ठेवला तर ते काम शांतपणे, कोणाच्याही लक्षात न येता चालतं. म्हणजे दर जूनमध्ये मी त्या बुटांवर चादर नीट करत होतो, तेव्हा आत त्यांचा भुगा होत होता. खोक्यात ओलावा शोषायची ती छोटी पुडी होती, 'खाऊ नका' लिहिलेली. मी खाल्ली नाही, तीही जपून ठेवली.

हाच रोग माझ्या जुन्या पावसाळी जॅकेटला झाला होता. पाच वर्षांनी आतला लेप सुटायला लागला. घरात ते झटकलं की पांढरा कोंडा पडायचा आणि बायको माझ्या डोक्याकडे संशयाने बघायची. तसंही त्याने मला कधी कोरडं ठेवलं नव्हतं. 'श्वास घेणारं' कापड म्हणून ते घेतलं होतं. या कापडांच्या घराण्याचा मूळपुरुष १९६९ साली अमेरिकेत जन्मला. बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून बघत होते आणि त्या तुटत होत्या. वैतागून त्यांनी एक जोरात हिसका दिला आणि ती तुटायच्या ऐवजी लांबच लांब ताणली गेली. तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली: पाण्याचा थेंब आत येणार नाही, घामाची वाफ बाहेर जाईल. नॉनस्टिक तव्याच्या भाऊबंदाचं हे कर्तृत्व. पण वाफ बाहेर जायला बाहेर जागा हवी. जुलैत ताम्हिणीत हवाच पाण्याने ठासून भरलेली असते. आतली वाफ छिद्रापर्यंत येते, बाहेरची गर्दी बघते आणि माघारी फिरते. तासाभराने मी आतून चिंब. मित्र म्हणाला, "निदान पाणी घरचं आहे." बांधावरून एक माणूस इरलं डोक्यावरून पाठीवर टाकून भात लावत होता. बांबूच्या कामट्या आणि पानं. पुढून पूर्ण उघडं. त्याच्या श्वासाला काहीच अडचण नव्हती.

नवं जॅकेट घ्यायला सासरे बरोबर आले. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे मिलिमीटर शब्द ऐकला की त्यांचे कान टवकारतात. जॅकेटच्या लेबलवर '१०,००० मिमी' लिहिलं होतं. त्याचा अर्थ असा की त्या कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहील एवढा दाब आला तरी पाणी पाझरणार नाही. सासऱ्यांनी मात्र तिथल्या तिथे हिशेब केला. "महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार पडतो. म्हणजे हे पावणेदोन पावसाळे चालेल."

"आरामात चालेल, काका," विक्रेता म्हणाला.

"आणि पुण्यात?"

"पुण्यात तर जन्मभर."

मला वाटतं, आयुष्यात मी ऐकलेली सर्वांत नेमकी वॉरंटी हीच. निदान तिच्यात आकडा होता, ठिकाण होतं आणि जिल्हावार फरक होता.

राजगडाचे बूट शेवटी आमच्या चौकातल्या मोचीकाकांकडे नेले. बँकेच्या भिंतीला लागून त्यांचा पत्र्याचा स्टॉल आहे, 'गटई कामगार' असं वर रंगवलेलं. त्यांनी बूट हातात घेतला, अंगठ्याने दाबला, वास घेतला.

"साहेब, हे चालून झिजलेलं नाही. बसून मेलंय."

जे मला समजायला तीन रात्री वाचन करावं लागलं ते त्यांनी अंगठ्याने ओळखलं. रापीने त्यांनी मधला भुगा पार खरवडून काढला. रापी फिरे, तशी ती माझ्या हिमालयाची माती त्यांच्या मांडीवरच्या गोणपाटावर जमत गेली. आतलं चामडं पुसलं, सोल्यूशन लावलं, दहा मिनिटं वाळू दिलं, रबराचा नवा तळ ठोकून बसवला. मग मेण लावलेला दोरा घेऊन आरीने कडेकडेने टाके घालायला सुरुवात केली. प्रत्येक टाका ओढताना दोरा मुठीभोवती एक वेढा घेई, आणि तो कचकन आवळल्यावरच ते पुढच्या भोकाकडे बघत. एका बुटाला पाऊण तास लागला. सहाशे रुपये.

पैसे देताना मी सवयीने विचारलं, "गॅरंटी?"

"शिवणीची माझी. तळाची तळवाल्याची. वरचं ज्याने केलं त्याची."

मी थक्क झालो. भर रस्त्यात, तोंडी, तीन कलमी वॉरंटी, अपवादांसकट!

"आणि पाण्यात घालू नका."

"काका, हे ट्रेकिंगचे बूट आहेत."

"ते ज्यांनी विकले त्यांना सांगा. मी शिवण सांगतोय." मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "पण रोज घाला. ठेवू नका."

म्हणून मार्च ते मे मी ते बूट रोज घातले. दूध आणायला, बँकेत, एका बारशाला. घोट्यापर्यंतचे, पाऊण-पाऊण किलोचे, हिमालयाचे बूट. सोसायटीच्या दारात लोक विचारत, "काय, कुठला किल्ला?" आणि मी म्हणत असे, "कोथिंबीर." एकदा सोसायटीच्या जिन्यात मला मागून कोणीतरी पोलीस समजलं. शिवण अजून एक टाका हललेली नाही. वरचं चामडं मात्र घडीवर तडकायला लागलंय, पण ते ज्याने केलं त्याचं.

सात जूनला पहिला मोठा पाऊस आला तेव्हा घरात दूध संपलं होतं. बूट पाण्यात घालायचे नव्हते. मी माळ्यावरून जुनी रबरी चप्पल काढली. अंगठा निसटत होता, त्याला बायकोच्या डब्यातली सेफ्टी पिन लावली, छत्री घेतली आणि दार उघडलं.

"अहो, ते नवं जॅकेट घ्या की!" आतून आवाज आला. "केवढा ओततोय!"

"एवढ्या पावसात?" मी म्हणालो. "नवं आहे ते. भिजेल."